सॉक्रेटिस घरी निघून गेला



तत्त्वज्ञानावर बोलण्याचा मान खरे तर प्राध्यापकांचा. आम्ही डिप्लोमा करून राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात लागलेली माणसे. आमचा संबंध खडी, डांबर आणि फायलींशी. पण मंडळाने आग्रह केला, म्हणून सॉक्रेटिसाविषयी चार शब्द.

त्याचा विषाचा पेला सर्वांना ठाऊक आहे. तो पेला आपल्यापुढे कोणी रोज धरत नाही. त्याच्या आधीचे दोन प्रसंग मात्र वेगवेगळ्या रूपांत आपल्या घरात आणि ऑफिसात येत असतात. खटल्यातल्या भाषणात सॉक्रेटिसाने ते सांगितले आणि त्याचा शिष्य प्लेटो याने लिहून ठेवले. याच भाषणाचे सार गांधीजींनी १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गुजरातीत छापले होते.

पहिला प्रसंग इ. स. पूर्व ४०६ मधला. अथेन्सच्या आरमाराने आर्गिनुसे बेटांजवळ स्पार्टाला हरवले, पण वादळामुळे बुडत्या जहाजांवरची माणसे वाचवता आली नाहीत. लोक खवळले. सर्व सेनापतींचा एकदम निकाल लावा, असा ठराव आला. प्रत्येकाचा खटला वेगळा चालवावा, असा कायदा होता. सभेचे कामकाज चालवणाऱ्या समितीत तेव्हा सॉक्रेटिस होता. त्याने एकट्याने विरोध केला. लोक ओरडले, धमक्या दिल्या, तरी तो बधला नाही. ठराव शेवटी झालाच. सहा सेनापती मारले गेले, आणि पुढे अथेन्सकरांना पश्चात्ताप झाला.

दुसरा प्रसंग इ. स. पूर्व ४०४ च्या सुमाराचा. लोकशाही जाऊन तीस जणांची जुलमी सत्ता आली होती. त्यांनी पाच नागरिकांना बोलावून हुकूम दिला, की सालामिस बेटावरून लिऑन नावाच्या माणसाला धरून आणा. त्याला मारायचे होते. सॉक्रेटिस सांगतो, की जास्तीत जास्त लोकांचे हात आपल्या पापात बरबटावेत, म्हणून ते असे हुकूम देत. चौघे सालामिसला गेले. पाचवा सॉक्रेटिस होता. तो सरळ घरी निघून गेला.

एकदा जमावाचा दाब, एकदा वरिष्ठांचा. आपल्यावर येणारे दाबही बहुधा हेच दोन असतात.

आधी वरिष्ठांचा घेऊ. रस्त्याचा थर कमी भरला, तरी मोजमाप पुस्तकात पूर्ण लिहा, असा तोंडी निरोप येतो. मग आम्ही नोकरदार एकमेकांना समजावतो : आपण लिहिले नाही तर दुसरा लिहील, आपल्याला मुलेबाळे आहेत. सॉक्रेटिसालाही तीन मुलगे होते, त्यांतले दोन अगदी लहान. आणि दुसऱ्यांनी लिऑनला आणलेच. तरीही आपला हात त्यात नको, असे त्याने ठरवले. त्याचे म्हणणे असे, की अन्याय सोसण्यापेक्षा अन्याय करणे अधिक वाईट. सोसणाऱ्याचे नुकसान बाहेरून होते, करणारा आतून बिघडतो.

आता जमावाचा. राजवाड्याच्या आसपासचे आपले जुने वाडे एकेक करून विक्रीला निघत आहेत. बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद येतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, हे सर्वांना माहीत असते. तरी आत्या, काका, शेजारी म्हणतात, आपल्यात बहिणी वाटा मागत नाहीत. सॉक्रेटिस तिथे असता तर त्याने भाषण दिले नसते. त्याने भावाला विचारले असते : बाबा रे, ती सही खुशीने करते आहे, की माहेर तुटेल या भीतीने? तिचा वाटा किती होतो, ते तू तिला सांगितलेस का? तुझ्या मुलीपुढे उद्या असाच कागद आला, तर तुला चालेल का? यांची उत्तरे देऊनही तिने खुशीने सही केली, तर प्रश्न मिटला.

कोणी म्हणेल, सॉक्रेटिस घरी गेला खरा, पण लिऑन कुठे वाचला? हा आक्षेप आम्हाला मोलाचा वाटतो. त्याने लिऑनला सावध करण्याचा प्रयत्न केला का, हे त्या भाषणात कुठेच येत नाही. स्वतःचे हात स्वच्छ ठेवणे ही पहिली पायरी झाली. आपल्याला पुढची पायरीही चढता येते. तोंडी हुकूम लेखी मागता येतो. फाइलवर टिपणी लिहिता येते. बहिणीला कागद वाचायला आठ दिवस देता येतात, वकिलाला दाखव म्हणता येते. यासाठी हुतात्मा व्हावे लागत नाही. थोडा वाईटपणा मात्र घ्यावा लागतो. कधी बदली, कधी अबोला. तो सोसायची तयारी हवी, आणि घरच्यांनी अशा वेळी त्या माणसामागे उभे राहायला हवे. एकट्या माणसाचा धीर घरातूनच येतो.

दहा दिवस आपण बाप्पाकडे बुद्धी मागतो. ती सही करण्याआधी वापरली, तर मागितल्याचे सार्थक होईल.

 गणपती बाप्पा मोरया!