खणखणीत आणि बद्द

धातूवर घाव पडला की उठणाऱ्या आवाजासाठी इंग्रजीत शब्दांचं एक घराणंच आहे. मोठी घंटा वाजली की ‘क्लँग’, जड साखळी आपटली की ‘क्लँक’, दोन पेले एकमेकांना लागले की ‘क्लिंक’. क्लँग नाकात घुमत राहतो, तर क्लँक ‘क’वर तुटतो, आणि ज्या आवाजांची ही नावं आहेत तेही तसेच वागतात.

मराठी हे काम ‘ण’कडून करून घेते. खणखण, ठणठण, घणघण, छणछण यांत नाद रेंगाळतो. खटखट, खडखड मात्र जागच्या जागी संपतात.

चंद्रपूर-गडचिरोलीत या शब्दांना उसंत नाही. चैत्रातल्या यात्रेत महाकालीच्या देवळातली घंटा घणघणते. खेड्यातल्या शाळेत टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले पडले की ठणठण ऐकू येते. मुळात हा मुलूखच लोखंडाचा. १८८२ मध्ये एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल वाचून जमशेटजी टाटांची नजर तेव्हाच्या चांदा (म्हणजे चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजाकडे वळली होती. जवळच्या वरोऱ्याच्या कोळशाने मात्र निराशा केली. आज गडचिरोलीतल्या सूरजागडचं खनिज ट्रकांतून निघतं, तेव्हा रस्त्यावर नुसता खडखडाट असतो. ते अजून दगडच आहे. ‘ण’ यायला भट्टीतून जावं लागतं.

कानाची खरी परीक्षा रेल्वेत होती. पूर्वी मोठ्या स्थानकांवर गाडी थांबली की एक कामगार लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेने चालायचा आणि प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा. चाक धड असेल तर खणखणीत वाजे. तडा गेला असेल तर आवाज बद्द येई, कारण तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात आणि कंपनं तिथेच जिरतात. भांडी घेताना आयाबाया बोटाच्या पेराने कडेवर टिचकी मारतात, तीही हीच तपासणी. ‘खणखणीत’ हा शब्द नाण्याला लागला, आवाजाला लागला आणि माणसाच्या उत्तरालाही लागला, तो उगाच नव्हे.

गडचिरोलीच्या जंगलात मात्र गुरांच्या गळ्यात लाकडी घंटा दिसते. लाकूड आतून कोरायचं, त्यात लाकडाच्याच दांड्या लोंबत्या सोडायच्या. गाय मान हलवते आणि टकटक, टकटक होते. यात ‘ण’ नाही, घुमणं नाही, तरीही ढोरक्याला, म्हणजे गुराख्याला, ती दाट झाडीतून ऐकू येते. बारीक, उंच सूर पानोळ्यात लवकर विरतो. जाड, खालचा सूर त्यातून पुढे जातो. शिवाय हाताने कोरलेल्या दोन घंटा सहसा एकसारख्या वाजत नाहीत, म्हणून गुरं पांगली तरी कोणतं जनावर कुठे आहे याचा अंदाज येतो.

इथल्या झाडीबोलीचे शब्द गोळा करणाऱ्यांनी गुरांमागे जाणाऱ्यांजवळ बसून या आवाजांना ते काय म्हणतात हे विचारावं, आणि शब्दासोबत त्या घंटेचा आवाजही ध्वनिमुद्रित करून ठेवावा.