मोहन बागानचा मराठी भक्त



मी जन्माने मराठी, मैदानावर मात्र मोहन बागानचा! या संघाने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहाजण अनवाणी खेळले होते. आमचे चुनी गोस्वामी १९६२ च्या आशियाई सुवर्णविजेत्या भारतीय संघाचे कर्णधार. तेच १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचेही कर्णधार. मुंबई जिंकली, टाळ्या कोणासाठी वाजवाव्यात, हा मला पेच पडला. पुढे १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगालविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळून सोळाजणांचे प्राण गेले. तेव्हा उमजले, तो पेच म्हणजेच परमुलखाने दिलेले शहाणपण. उभय पक्षांना टाळी देणारे मन आपल्या मुलाबाळांना लाभो, एवढीच प्रार्थना.