रानपिंगळ्याचे छायाचित्र

पिंगळा आपणां सर्वांच्या ओळखीचा. पडक्या वाड्यात, जुन्या आंब्याच्या ढोलीत त्याचे बिऱ्हाड असते आणि दिवस मावळला की चिरक्या आवाजात त्याचे भांडण सुरू होते. पहाटे दारोदार हिंडून भविष्य सांगणाऱ्यालाही आपण त्याचेच नाव दिले आहे. घुबडाच्या कुळातला हा छोटा शिकारी पक्षी. पण त्याचाच एक भाऊबंद असा की, शंभराहून अधिक वर्षे तो पक्षितज्ज्ञांच्या नजरेस पडला नव्हता. त्याचे नाव रानपिंगळा. तो पुन्हा सापडला तो आपल्या खानदेशात, आणि त्या शोधात कॅमेऱ्याने मोलाची साक्ष दिली.

हकीकत अशी. १८७२ साली आजच्या छत्तीसगडात ब्ल्यूइट नावाच्या गृहस्थांना हा पक्षी प्रथम मिळाला आणि पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नंतर खानदेशात मुलकी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी आणखी काही पक्षी मिळवले. त्यांतला शेवटचा १८८४ सालचा. जगातल्या संग्रहालयांत पेंढा भरलेले सारे मिळून सातच नमुने. पुढे सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनी शोधूनही तो दिसला नाही. पक्षी नामशेष झाला, असेच बहुतेकांना वाटू लागले.

आता तुम्ही विचाराल, १८८४ नंतर कोणालाच मिळाला नाही? एका नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतले तापीकाठचे मांडवी हे गाव लिहिले होते. चिठ्ठी लिहिणारे कर्नल माइनर्त्झहागेन हे मोठे नावाजलेले गृहस्थ. पण पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने नमुन्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा त्या कातड्याची शिवण आणि भरण डेव्हिडसन यांच्या हातची निघाली! संग्रहालयातलाच जुना पक्षी चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. म्हणजे पक्षी खरा, पण साक्ष खोटी.

रासमुसेन यांनी ती चिठ्ठी बाजूला सारली आणि जुन्या प्रामाणिक नोंदींवर विश्वास ठेवला. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या सहकाऱ्यांबरोबर त्या शहाद्याजवळच्या रानात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळच्या उन्हात एका उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी! त्यांनी बंदूक उचलली नाही. त्याचे चलच्चित्र आणि छायाचित्रे घेतली. जगाला पटवायला तेवढे पुरले.

ही छायाचित्रे का पटली, हे समजून घेण्यासारखे आहे. गावातला पिंगळा आणि रानपिंगळा दोघेही वीतभर उंचीचे. घाईत पाहिले तर एकसारखेच. मग फरक कुठे? गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा. याची छाती गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग पांढराशुभ्र, पंखांवर आणि शेपटीवर रुंद आडवे पट्टे. पाय दणकट आणि बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले. शिवाय हा दिवसाढवळ्या शिकार करतो.

म्हणून अनोळखी शिकारी पक्षी दिसला, तर एकच देखणे चित्र काढून भागत नाही. समोरून छाती दिसावी, बाजूने पंख, मागून शेपटी. माथा आणि पायही यावेत. चित्र थोडे धूसर आले तरी चालेल. पण कोणत्या रानात, कोणत्या झाडावर, किती वाजता, हे त्याच दिवशी वहीत लिहिले पाहिजे. खोट्या चिठ्ठीने कातडे फसवे झाले, तसे खोट्या स्थळकाळाने छायाचित्रही फसवे होते.

आणखी एक गोष्ट. हल्ली काही हौशी मंडळी पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला जवळ बोलावतात. त्याला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा आला. बिचारा शिकार सोडतो, पिलांपासून दूर जातो, आणि आपण मात्र समाधानाने घरी येतो! हा फोटो फार महाग पडतो. लांब पल्ल्याचे भिंग वापरावे, स्वस्थ बसावे, पक्षी अस्वस्थ दिसला की मागे फिरावे. आणि घरट्याची ढोली चारचौघांत सांगू नये. जंगलतोड आणि घुबडांविषयीच्या अंधश्रद्धा यांनी या पक्ष्याला आधीच घेरले आहे.

१९९७ नंतर तोरणमाळ, यावल आणि मेळघाट इथे रानपिंगळा आढळला, २०१४ साली मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला. त्यामुळे २०१८ साली जागतिक यादीत त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' असा झाला. धोका टळला नाही, थोडा कमी झाला एवढेच. तेव्हा सागाच्या रानात सकाळच्या उन्हात एखादा कोऱ्या माथ्याचा पिंगळा तुम्हाला दिसला, तर त्याचे खरे चित्र घ्या, खरी नोंद करा, आणि त्याला तिथेच, त्याच्या फांदीवर, बसलेला सोडून या.