परदेशी निघण्यापूर्वी



माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, करारनामे वाचता वाचता. मी स्वतः समुद्र ओलांडलेला नाही. तेव्हा ह्या विषयावर मी बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण रविवारी सकाळी चाकण-भोसरीकडची जी कंत्राटी मुले आमच्याकडे येतात, त्यांच्या हातात पूर्वी पगाराची चिठ्ठी असे. आता पुष्कळदा पासपोर्ट असतो.

असाच एक वेल्डर आला. दहावी नापास, पण हात मोठा सफाईदार. कंत्राट संपले होते. आखातात नोकरी लावतो म्हणून कोणा मध्यस्थाने दीड लाख मागितले होते आणि बापाने जमीन गहाण टाकायची तयारी केली होती. मला विचारतो, "अण्णा, बॅगेत काय काय घेऊ?" मी म्हटले, "बॅग राहू दे. व्हिसा दाखव." मोबाइलवर पाहिला तर पर्यटकाचा. "तिथे गेल्यावर बदलून देतात," म्हणे!

मंडळी, ह्या एका शब्दात सगळे गेले. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर 'ईसीआर' असा शेरा असतो. त्याला आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवानगी घ्यावी लागते. (पन्नाशीनंतर हा शेरा लागत नाही. वयाने शहाणपण येते, असे सरकारला वाटत असावे.) पोरांना ही परवानगी म्हणजे कटकट वाटते. परंतु तिच्यापायीच करारनामा तपासला जातो आणि २७५ रुपयांत दोन वर्षांचा, दहा लाखांचा अपघाती विमा उतरतो. नोंदणी झालेल्या एजंटाला ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी, एवढेच घेता येतात, आणि तेही पावती देऊन. नोंदणी खरी की खोटी, हे ई-मायग्रेटवर घरबसल्या कळते. पर्यटक म्हणून गेलेला माणूस ह्या सगळ्याच्या बाहेर. कारण कागदोपत्री तो कामाला गेलेलाच नाही!

काळ शांत असता तर एक वेळ निभावलेही असते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. तिथे पिढीभर राबलेली आपली माणसे एका रात्रीत निष्कांचन झाली. बँका बंद, आणि दिनाराचे मोल कागदाइतके. कित्येकांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात. वाळवंट तुडवत ती अम्मानला पोहोचली आणि एअर इंडियाने सुमारे १,७०,००० माणसे परत आणली. पुढे संयुक्त राष्ट्रांनी भरपाई आयोग नेमला. नुसते घरदार सोडून यावे लागले म्हणून ठरावीक रक्कम होती. परंतु बुडालेला पगार आणि मागे राहिलेला संसार मागायचा, तर पुरावा हवा होता. युद्धातून पळताना पगाराच्या चिठ्ठ्या कोण बरोबर घेतो?

म्हणून मी त्या मुलाला सांगितले की प्रत्येक कागदाची एक प्रत आईजवळ ठेव. करारनामा, व्हिसा, विमा, मालकाचा पत्ता, वकिलातीचा फोन, आणि महिन्याच्या महिन्याला पगाराच्या चिठ्ठीचा फोटो. आमच्या घरांतून बाईला 'तो दुबईकडं असतो' एवढेच ठाऊक असते. दुबई केवढी, कंपनी कुठली, काही नाही. २३ जून २०२५ ला कतारने आकाश बंद केले, विमाने अडकली, तेव्हा अशा घरांनी चौकशी करायची तरी कुणाकडे?

आणि दुसरे, परतीच्या भाड्याइतके पैसे वेगळे ठेव. इथे मला जरा कडक बोलावे लागले. दीड लाखाचे कर्ज डोक्यावर असलेला माणूस बॉम्ब पडू लागले तरी परत येत नाही. सरकार विमान पाठवते, आणि हा सावकाराचा हिशेब करीत खोलीतच बसतो. परत येण्याची मुभा तो निघण्यापूर्वीच विकून बसलेला असतो. जमीन गहाण टाकू नकोस, म्हटले, कारण ती तुझी परतीची तिकीट आहे.

मुलगा गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "अण्णा, चाळीस हजार देऊन झालेत." पावती? नाही. त्या चाळीस हजारांमागे आम्ही सात महिने हिंडलो. पंचवीस परत आले. तो सध्या पुन्हा चाकणलाच कंत्राटावर आहे. जाण्याचा विचार त्याने सोडलेला नाही, आणि मीही सोड म्हटलेले नाही. ह्या वेळी नोंदणीचा एजंट पाहिला आहे, करारनामा आला आहे. गेल्या रविवारी आम्ही दोघांनी तो ओळीओळीने मराठीत उतरवला आणि त्याच्या आईने तो रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला.