ओट्याखालची खिळलेली फळी

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभे राहून बोलण्याची सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "स्वयंपाकघरात जे केलेत, तेवढेच सांगा." म्हणून आज मी एका फळीची हकीकत सांगणार आहे. विषय लहानसाच आहे. पण आपल्या सगळ्यांच्या कमरेशी आणि गुडघ्यांशी त्याचा संबंध आहे.

आपल्या घरांतून ओट्याखाली कपाट असते. ते करणारा सुतार बहुधा उंचीच्या बरोबर मध्यावर एक फळी ठोकतो आणि मोकळा होतो. आमचेही तसेच होते. १९८८ साली माझ्या सासऱ्यांनी ते करून घेतले. चार फूट रुंद, मध्ये उभी फळी घालून दोन खण केलेले, आतली उंची २६ इंच. प्रत्येक खणात मध्यावर पाऊण इंची फळी. म्हणजे खाली साडेबारा इंच एक सूत, आणि वरही तेवढेच. आमचा पिठाचा डबा साडेचौदा इंचांचा. तो आत जाईना, म्हणून बाहेरच्या खोलीत कॉटखाली राहिला. तांदळाचा डबाही त्याच्याच शेजारी.

याचा त्रास मला थोडा, पण सासूबाईंना फार. त्यांचे वय ७४, गुडघे धरलेले. वाकून कॉटखालचा डबा ओढणे त्यांना जमेना. भाकरी करायची म्हटली की हाक यायची, "अगं, जरा पीठ काढून देतेस का?" मी बाजारात गेलेली असले तर परातीपाशी नुसते बसून राहायचे. हळूहळू त्यांनी हाक मारणे सोडले आणि मग भाकरी करणेही सोडले. येणारेजाणारे म्हणत, आता म्हातारीच्याने होत नाही. हात तर त्यांचे शाबूत होते. तव्यावर भाकरी टाकली तर आजही माझ्यापेक्षा पातळ. जिने पन्नास वर्षे हे घर जेवू घातले, तिने ओंजळभर पिठासाठी दुसऱ्याची वाट पाहावी, हे माझ्या मनाला फार लागले.

फळी काढू या, असे मी घरात बोलले. यजमान म्हणाले, "बाबांनी हौसेने केलेले कपाट. कशाला मोडतोड?" त्यांचेही मन मला कळत होते. मी सासूबाईंकडे पाहिले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांनी भांड्यांसाठी कपाट केले होते, कपाटासाठी भांडी आणली नव्हती. काढा ती फळी." त्यावर घरात कोणी काही बोलले नाही.

सुतारदादांना विचारले. एवढ्याशा कामासाठी दिवस मोडणे त्यांना परवडत नव्हते. पण कसे करायचे ते त्यांनी नीट समजावून सांगितले आणि एका रविवारी आम्ही दोघांनी ते काम केले. भगिनींनो, ती रीत तुम्हांला सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे करवत हातात घेण्यापूर्वी मोजपट्टी घ्यावी. रोज लागणारी उंच भांडी ओळीने मांडावीत आणि मोजावीत. कुकर शिट्टीसकट, डबा झाकणासकट. वर भांडे उचलायला दोन बोटे जागा धरावी.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणती फळी काढायची नाही, ते आधी ठरवावे. उभ्या उंच कपाटात मधली ठोकलेली फळी दोन्ही बाजूंना धरून ठेवते. ती काढली तर बाजू फुगतात आणि दारे लागत नाहीत. तिथे एक फळी तशीच ठेवून बाकीच्या काढाव्यात. ओट्याच्या दगडाला खालून टेकू देणारी उभी फळी किंवा कडप्पा याला तर मुळीच हात लावू नये. दगडाचे ओझे कशावर आहे ते कळत नसेल, तर जाणत्या माणसाला आधी दाखवावे. मागून विजेची तार किंवा पाण्याचा नळ गेला आहे का, तेही पाहून घ्यावे.

तिसरी गोष्ट जुन्या रंगाची. घरगुती रंगातल्या शिशावर सरकारी मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे त्यात असू नये, असा नियम आहे. त्याआधीच्या रंगात ते पुष्कळ असू शकते, आणि शिशाची धूळ लहान मुलांना फार घातक. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. आम्ही कापण्याची जागा ओली केली, नाकातोंडाला फडके बांधले, मुलांना शेजारी पाठवले आणि भुसा ओल्या फडक्याने टिपून घेतला. अन्नाचे डबे आधीच दुसऱ्या खोलीत हलवले होते.

आता फळी काढण्याविषयी. पट्टीवर नुसती ठेवलेली फळी असेल तर चार खिळे काढले की ती सुटते. आमची फळी दोन्ही बाजूंनी खिळे ठोकून आणि सरस लावून बसवलेली होती. अशा फळीला खालून हातोडीने ठोकू नये. बाजूच्या प्लायवूडचे पापुद्रे निघतात. तिला बरोबर मध्यावर, पुढून मागे करवतीने कापावे. अगदी मागे करवत पोचत नाही, तिथला इंच-दीड इंच पटाशीने तोडावा. मग एकेक अर्धा तुकडा धरून हळूहळू वर-खाली हलवावा. खिळे सैल होतात आणि तुकडा हातात येतो. बाजूला राहिलेले खिळे पकडीने उपटावेत. पकडीखाली लाकडाची चिप ठेवावी, म्हणजे बाजूला खड्डा पडत नाही. भोकांत लांबी भरावी, वाळल्यावर ओल्या पॉलिशपेपरने हलक्या हाताने घासावे आणि रंगाचा हात द्यावा.

उजव्या खणात आम्ही फळी पुन्हा घातलीच नाही. पिठाचा आणि तांदळाचा डबा आता तिथे उभे आहेत. डाव्या खणात सुटी फळी केली. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांवर भोके पाडली आणि त्यांत खुंट्या घातल्या. भोके सारख्या उंचीवर यावीत म्हणून एकाच पट्टीला आधी भोके पाडून तीच पट्टी दोन्हीकडे धरली. फळी खणापेक्षा एक सूत कमी रुंद ठेवली; त्यामुळे ती अडकत नाही. सध्या ती खालून १६ इंचांवर आहे. उद्या गरज बदलली, तर पाच मिनिटांत वर-खाली करता येईल.

एक सावधगिरी मात्र सांगते. मोकळी झालेली जागा पाहून गॅसची टाकी आत ठेवण्याचा मोह होतो. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साठतो. बंद दाराआड तो साठणे फार धोक्याचे. टाकी नेहमी उभी आणि मोकळ्या हवेत असावी.

आता सासूबाई सकाळी स्वतः दार उघडतात, स्टुलावर बसून हवे तेवढे पीठ घेतात आणि मनाला येईल तेव्हा भाकरी थापतात. मी बाहेरून येते तो कधीकधी दुरडी भरलेली असते. त्या आता कोणाला हाक मारत नाहीत. कधी मीच त्यांना विचारते, "आई, आज माझ्यासाठी एक जास्त टाकाल का?"

भगिनींनो, आपल्या घरात अशा कितीतरी फळ्या कोणीतरी कधीतरी ठोकून ठेवलेल्या असतात आणि आपण त्यांच्याप्रमाणे वाकत राहतो. माणसाचे वय बदलते, गुडघे बदलतात, घरात सून येते, नातवंडे येतात. त्यांच्याबरोबर फळीनेही जागा बदलावी. घरी गेल्यावर एकदा आपल्या स्वयंपाकघरात बसून पाहा, सर्वांत थकलेल्या माणसाचा हात कुठपर्यंत पोचतो ते. आणि मग मोजपट्टी घ्या. आमची करवत आणि पटाशी खिळ्याला टांगलेली आहे. जिला हवी असेल तिने खुशाल न्यावी, काम झाले की आणून द्यावी.