रक्ताचा साधा अहवाल आणि स्तनाचा कर्करोग



स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की सारे घर एकच प्रश्न विचारते : गाठ केवढी आहे? प्रश्न रास्तच आहे. परंतु ती गाठ ज्या देहात वाढली त्या देहाची अवस्था कशी आहे, हे क्वचितच कोणी विचारते. १८८९ साली लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी अभ्यासल्या. रोग सर्वत्र सारखा पसरत नाही, काही अवयवांतच वारंवार रुजतो, असे त्यांना आढळले. म्हणून त्यांनी रोगाला बियाण्याची व देहाला जमिनीची उपमा दिली.

या जमिनीची थोडीशी कल्पना आज रक्ताच्या साध्या तपासणीतून येते. जखम झाली की दाह उत्पन्न होतो आणि ती भरून आली की शमतो. कर्करोगात मात्र तो धुमसत राहू शकतो. हॅरोल्ड ड्वोराक या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८६ साली गाठीची तुलना कधीच न भरणाऱ्या जखमेशी केली होती. अशा दाहात न्यूट्रोफिल या श्वेतपेशी वाढतात, तर रोगाशी झुंजणाऱ्या लिम्फोसाइट पेशी घटतात. न्यूट्रोफिल ४५०० आणि लिम्फोसाइट १५०० असतील तर त्यांचे गुणोत्तर ३ येते. उपचारापूर्वी हे गुणोत्तर जास्त असलेल्या स्त्रियांत रोग उलटण्याचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

पोषणाचा अंदाज अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनावरून घेतात. जपानमधील शल्यवैद्यांनी १९८४ साली जठर व आतड्यांच्या शस्त्रक्रियेसाठी एक सोपे सूत्र मांडले. पुढे ते स्तनाच्या कर्करोगातही वापरून पाहिले गेले. १०० मिलिलिटरमागे अल्ब्युमिन जितके ग्रॅम असेल त्याची दहापट करावयाची आणि लिम्फोसाइटच्या संख्येला ०.००५ ने गुणून त्यात मिळवावयाचे. अल्ब्युमिन ३.८ आणि लिम्फोसाइट १५०० असतील तर उत्तर ४५.५. अंक खाली गेला तर काळजी वाढते.

परंतु हे अंक म्हणजे पत्रिका नव्हे. किती गुणोत्तर घातक, याची सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही. दातात पू झाला, ताप आला किंवा स्टेरॉइड चालू असले तरी ते वाढते. उपचाराची दिशा आजही गाठीचा आकार, काखेतील ग्रंथी, हार्मोन व हर-२ यांच्या तपासण्यांवरूनच ठरते. अहवालातील एक आकडा पाहून रुग्णेसमोर आवाज खाली आणणाऱ्या नातलगांनी एवढे ध्यानात घेतले तरी पुष्कळ.

अल्ब्युमिनच्या बाबतीत तर गैरसमज फारच. ते कमी झाले की दूध-तुपाचा मारा सुरू होतो. वस्तुतः दाह असेल तर यकृतच अल्ब्युमिन कमी तयार करते. केवळ खाऊ घालून ते भरून येत नाही. उलट देह स्थूल दिसत असूनही आतले स्नायू झिजलेले असू शकतात. सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी गृहिणी रुग्ण झाली तरी तीच रीत चालू ठेवते, ही खरी अडचण आहे. मूग, मसूर, दूध, दही, पनीर यांतून शाकाहारातही पुरेशी प्रथिने मिळतात. मात्र ती तिच्या ताटात, वेळेवर पडली पाहिजेत. रसायनोपचार चालू असताना दीर्घ उपवासाचा नियम घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि तिने विचारले तर घरातील ज्येष्ठांनी मन दुखावून घेऊ नये.

एक छोटीशी गोष्ट राहिली. रक्ताचे सर्व अहवाल तारखेप्रमाणे एका फाइलीत ठेवावेत, कारण एका आकड्यापेक्षा त्यांचा चढउतार डॉक्टरांना अधिक सांगतो. त्यांतही उपचार सुरू होण्यापूर्वीचा पहिला अहवाल सर्वांत मोलाचा, आणि बहुधा नेमका तोच घरात सापडत नाही.