मुलांचे राखणदार

(पारोळा येथे धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी झालेले भाषण)



उत्सवाच्या मंगल प्रसंगी दुःखाचा विषय काढणे कित्येकांस रुचणार नाही. तथापि ज्या मंडळीच्या अंगणात आज इतकी मुले बागडत आहेत, तिने त्या मुलांच्या रक्षणाविषयी दोन शब्द ऐकून घ्यावेत, ह्यात अनुचित असे काहीच नाही. मुलांचा क्रयविक्रय, ज्यास हल्ली मानवी तस्करी म्हणतात, हा माझा आजचा विषय आहे.

आपल्या गावावरून जाणारा महामार्ग धुळ्यापुढे साक्री तालुक्यातून सुरतेकडे जातो. त्या तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक तेथे उतरले होते. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी आवई भ्रमणध्वनीवरून आधीच पसरलेली होती. जमावाने त्यांच्यापैकी पाच जणांस ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारिले. त्यांच्याकडून कोणाचेही मूल पळविले गेले नव्हते. मुलांवरील प्रेमाच्या नावाने पाच घरे मात्र उघडी पडली.

दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातील. ३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे गाडीतून बिहारची ५९ मुले भुसावळ व मनमाड येथे उतरविण्यात आली. ती सांगलीकडे मदरशांत शिकावयास निघाली होती. तस्करीच्या आरोपावरून त्यांच्याबरोबरच्या पाच जणांस काही आठवडे तुरुंगात राहावे लागले, व मुलांस आईबापांपासून दूर बालगृहांत राहावे लागले. पुढे २०२४ साली, हा प्रकार गैरसमजातून घडला, असे ठरून ते प्रकरण मिटले. मुलांची चौकशी करणे हे कर्तव्यच होय. परंतु परक्याचा वेष व धर्म पाहून आधीच निकाल देणे ही चौकशी नव्हे.

मग मुले विकली जातच नाहीत काय? जातात, आणि हीच खेदाची गोष्ट आहे. इगतपुरी तालुक्यातील कातकरी वस्तीतली दहा वर्षांची एक मुलगी अशीच मेंढ्या राखावयास दिली गेली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती मरणोन्मुख अवस्थेत आपल्या झोपडीसमोर आढळली, व सप्टेंबरात ती मरण पावली. त्यानंतर जी चौकशी झाली, तीत त्या भागातील आणखी किती तरी मुले थोडे रुपये आणि एखादी मेंढी एवढ्या मोबदल्यावर मेंढपाळांकडे राबत असल्याचे उघडकीस आले. त्या मुलांस कोणी पोत्यात घालून पळविले नव्हते. ओळखीचा मनुष्य दारी आला, घरात चूल थंड होती, आणि व्यवहार झाला.

बंधुजनहो, पवित्र शास्त्रातील योसेफाचे स्मरण करा. त्याला वीस रुप्याच्या नाण्यांस विकणारे परके नव्हते. ते त्याचे भाऊच होते. संकट बहुधा रात्री भिंत फोडून येत नाही. ते भरदिवसा मुकादमाची उचल घेऊन येते, शहरातील चांगल्या नोकरीचे आमिष घेऊन येते, किंवा उलट पैसे देऊन मुलगी मागणाऱ्या स्थळाच्या रूपाने येते.

अशा व्यवहारास आईबापांनी मान दिली म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ प्रमाणे पीडिताची संमती ही सबब होऊ शकत नाही, आणि पीडित बालक असल्यास शिक्षा किमान दहा वर्षांची आहे. उचलीच्या ऋणापायी कोणास वेठीस धरिले असल्यास १९७६ च्या कायद्याने ते ऋणच रद्द होते. "घेतलेले पैसे फिटल्यावाचून पोर परत कसे आणावे?" असे म्हणणाऱ्या बापास ही गोष्ट समजावून सांगणे, हे मोठे पुण्यकर्म होय.

आता आपण काय करावे? मूल गावाबाहेर जावयाचे असेल, तर कोणाबरोबर, कोठे, कोणत्या कामास, पैसे कोणी कोणास दिले, व त्याच्याशी बोलावयाचे झाल्यास कसे बोलावे, हे पाच प्रश्न त्याच्या पालकांस प्रेमाने विचारावेत. धर्मशिक्षणाच्या वर्गातून वा शाळेतून एखादे मूल दिसेनासे झाले, तर त्याच आठवड्यात कोणी तरी त्याच्या घरी जावे. तेथे अन्नाची अथवा औषधाची अडचण आढळल्यास मुकादमाच्या आधी आपली मदत पोहोचावी. संशय आल्यास १०९८ ह्या क्रमांकावर कळवावे, किंवा बालकल्याण समितीकडे अथवा पोलिसांकडे जावे. परंतु कोणावरही हात टाकू नये, व ऐकीव वार्ता पुढे धाडू नये.

संत जोसेफिन बखिता हिला सुदानात बालपणीच पळवून वारंवार विकण्यात आले. मारेकऱ्यांच्या भीतीने ती आपले जन्मनावही विसरून गेली, असे सांगतात. ८ फेब्रुवारी हा तिचा सणाचा दिवस २०१५ पासून तस्करीविरुद्धच्या प्रार्थनेसाठी पाळला जातो. त्या दिवशी आपण प्रार्थना करूच. पण तिच्यासारखे नाव हरवण्याची पाळी आपल्या गल्लीतील एकाही लेकरावर येऊ नये, म्हणून आजपासून आपल्या शेजारच्या प्रत्येक मुलाचे नाव ठाऊक करून घेऊ या. ज्याचे नाव दहा जणांस ठाऊक आहे, ते मूल विकणे सोपे नसते.

प्रभू आपणां सर्वांस जागे ठेवो.